विदा आणि कपाट क्रमांक १७

संशोधकाने मोजून, विचारून, तपासून किंवा नुसतेच बसून जमवलेल्या कच्च्या नोंदींना विदा म्हणतात. पुस्तकी मराठीत हा शब्द आता रुळला आहे. मात्र तो विदा की ती विदा, याचा निकाल अजून लागलेला नाही. येथे ती स्त्रीलिंगी धरली आहे. नांदेडकडच्या कानाला उर्दू-दखनीची सवय असल्याने ‘विदा’ म्हटले की आधी निरोप आठवतो, आणि प्राध्यापकांच्या हातून या वस्तूचे पुढे जे होते ते पाहता तो अर्थही फारसा चुकत नाही. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी स्टाफरूममध्ये चालणारा शब्द ‘डाटा’ हाच आहे. त्याचे प्रकार दोन. पहिला रोज दीड जीबी मिळतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. दुसरा पीएच.डी.साठी आयुष्यात एकदा गोळा होतो आणि कधीच संपत नाही, कारण पुन्हा त्याला कोणी हात लावत नाही. येथे विचार करायचा तो या दुसऱ्या प्रकाराचा.

विदेचा उगम प्रश्नावलीत होतो. विज्ञान शाखेत तो उपकरणात होतो, पण तिथे उपकरण बंद असण्याचे दिवस अधिक असल्याने कथा लवकर आटोपते. सामाजिक शास्त्रे, वाणिज्य, शिक्षणशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र या शाखांत मात्र प्रश्नावलीला मरण नाही. ती किती लोकांकडून भरून घ्यायची हे पूर्वी मार्गदर्शकाच्या मर्जीवर असे. त्या काळी शंभर हा आकडा लोकप्रिय होता, कारण त्याची टक्केवारी काढावी लागत नाही. पुढे ३८४ आला. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन या दोघा अमेरिकन संशोधकांनी नमुन्याचा एक तक्ता प्रसिद्ध केला. पाच टक्क्यांची चूक चालणार असेल, तर दहा लाख लोकसंख्येलाही ३८४ माणसे पुरतात, असे तो तक्ता सांगतो. माणसे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, समोर दिसली म्हणून नव्हे, ही त्याची अट. तक्त्यातला आकडा मराठवाड्यात सुखरूप पोचला. अट वाटेत कुठेतरी उतरली. त्यामुळे ‘यादृच्छिक नमुना निवड पद्धती’ या मथळ्याखाली उदगीर गाडीची वाट पाहत मुखेडच्या बसस्थानकात बसलेली माणसे, संशोधकाच्या सासरवाडीची मंडळी आणि बी.ए. द्वितीय वर्षाचा सबंध वर्ग एकत्र नांदतो. हल्ली प्रश्नावली व्हॉट्सॲपवर जाते. तिथे उत्तर देणारे बहुतेक स्वतःच कोणत्या ना कोणत्या पीएच.डी.ला बसलेले असतात आणि भरलेल्या फॉर्मच्या बदल्यात आपला फॉर्म भरून मागतात. शेतात या पद्धतीला सावड म्हणतात.

प्रश्नाला उत्तर कसे द्यायचे, हेही ठरलेले असते. रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली पाच पायऱ्यांची मोजपट्टी काढली: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. मुक्रमाबादच्या बाजूला एखाद्या लिंबाखाली ही मोजपट्टी पोचते तेव्हा काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. संशोधक वाचतो, “शासकीय योजनांमुळे आपल्या जीवनमानात लक्षणीय सुधारणा झालेली आहे.” समोरचे आजोबा चंची उघडतात, सुपारी शोधतात आणि म्हणतात, “तुमाला बरं वाटल ते लिवा की सर.” संशोधक सांगतो की तसे चालत नाही, मत तुमचेच हवे. आजोबा जरा विचार करतात. “मग मदलं लिवा. आपल्याला कुनाचं वाईट करायचं नाई.” अशी चाळीसेक ‘मदली’ उत्तरे जमली की प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात निष्कर्ष उमटतो: ग्रामीण शेतकरी शासकीय योजनांबाबत तटस्थ असल्याचे दिसून येते. आजोबा तटस्थ नसतात. त्यांनी पाहुण्याची अडचण ओळखून ती सोडवलेली असते.

आकडा पाहिल्यावर तो कोणी, कुठे, कशाने आणि कशासाठी मोजला हे विचारण्याच्या सवयीला विदासाक्षरता म्हणतात. ही व्याख्या पाठ असलेला वर्ग विद्यापीठात आढळतो, सवय असलेला मोंढ्यात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते, हे जांब आणि बाऱ्हाळीच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. पर्जन्यमापक नेमका कुठे बसवला आहे, त्याच्यावर कोणाच्या झाडाची फांदी आली आहे, आणि मंडळाच्या एका टोकाला ढगफुटी झाली असताना दुसऱ्या टोकाच्या भांड्यात किती पडले, हे सगळे तो विचारतो. एका भांड्यावरून सबंध मंडळाचा पाऊस ठरवण्यात काय धोका आहे, हे नमुना निवडीच्या पाठ्यपुस्तकात अकराव्या प्रकरणात येते. त्याला ते जून महिन्यातच कळलेले असते. पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट कोणाच्या रानात पडला, याची चौकशीही तो असल्याच बारकाईने करतो. विमा त्यावर ठरतो. प्रबंधावर काहीच ठरत नाही, एक पदोन्नती सोडली तर, आणि ती आकडे कोणी तपासले म्हणून थांबल्याचे ऐकिवात नाही.

आडत दुकानाची पट्टीही पाहण्याजोगी असते. तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडलेली रक्कम. दहा वर्षांनी कोणी ती पट्टी काढली तरी त्या दिवशी काय घडले ते उलगडते. विचारायला आडत्याला बोलवावे लागत नाही. विदेची विदा म्हणतात ती हीच. प्राध्यापकाच्या एक्सेल पत्रकात मात्र रकान्यांची नावे ‘प्र१’, ‘प्र२’, ‘प्र२अ’ अशी असतात आणि ‘प्र२अ’ म्हणजे काय हे पत्रक तयार झाल्याच्या दिवशी दोघांना ठाऊक असते. सहा महिन्यांनी एकालाच. व्हायव्हा झाल्यावर कोणालाही नाही.

पत्रक भरण्याच्या कामात तीन खड्डे आहेत आणि तिन्ही स्थानिक आहेत. पहिला जमिनीचा. एकरात चाळीस गुंठे असतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. पण तोच पोरगा प्राध्यापक झाल्यावर एक एकर तीस गुंठे जमीन पत्रकात १.३० अशी लिहितो. अशा दोन भावांची मिळून साडेतीन एकर होते, एक्सेल २.६० सांगते. म्हणजे ०.९ एकर, छत्तीस गुंठे रान एका बेरजेत गेले. मराठवाड्यात एवढ्या जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टात जातात, इथे कोणाला पत्ताही नाही. त्यातच सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, जिथे दशांश चिन्ह खरोखरचे दशांश चिन्ह असते. एकाच रकान्यात दोन्ही मापे शेजारी बसली की ‘मुखेड तालुक्यातील सरासरी जमीनधारणा’ नावाचे जे काही तयार होते, त्याला सरासरी म्हणता येत नाही आणि जमीनही.

दुसरा खड्डा नावांचा. बाऱ्हाळी हे मुखेड तालुक्यातले मोठे गाव. त्यातला अर्धा ‘र’ काही फॉन्टांत उमटत नाही, म्हणून कोणी ‘बा-हाळी’ लिहितो, कोणी ‘बार्हाळी’, आणि घाईतला ‘बारहाळी’. संगणकाच्या लेखी ही चार वेगळी गावे आहेत, प्रत्येकाची साक्षरता वेगळी. एखाद्या प्रबंधात तालुक्याच्या गावांची संख्या जनगणनेपेक्षा जास्त निघाली तर नवी वस्ती झाली असे समजू नये. युनिकोड येऊन जमाना झाला. तरी जुनी मराठी माहिती कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांच्या पोटात अडकून पडलेली आहे. ती दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की कंस, चौकटी आणि सुटी इंग्रजी अक्षरे यांची जी खिचडी दिसते, ती वाचायला मोडी वाचणाऱ्यांनाही बोलावून उपयोग नाही.

तिसरा खड्डा फायलीच्या नावाचा. खरीप पिकाची पैसेवारी तीनदा निघते: नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. महसूल खाते अंतिमनंतर थांबते. प्रबंधाची फाईल तिथून सुरू होते. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन सरांनी पाहिलेली’, ‘हीच घ्यावी’ आणि सर्वांत शेवटी, तारखेने सर्वांत जुनी, नुसतीच ‘नवीन’. छापला गेलेला तक्ता यांपैकी कोणत्या फायलीतून आला, हा मराठवाड्याच्या इतिहासातला एक न सुटलेला प्रश्न आहे.

एक्सेलच्या बाबतीत एकट्या मुखेडला नावे ठेवण्याचे कारण नाही. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी होती. एक्सेल ती तारखा समजून बदलून टाकी. शास्त्रज्ञांनी बरीच वर्षे डोके आपटले आणि शेवटी २०२० मध्ये एक्सेलपुढे हात टेकून जनुकांचीच नावे बदलली. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली देशांवरचे कर्ज आणि वाढीचा वेग यांवर एक निबंध लिहिला. कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की वाढ खुंटते, असे त्यात होते, आणि मोठमोठे मंत्री त्याचा दाखला देऊ लागले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने गृहपाठ म्हणून ते गणित करून पाहिले. जमेना. त्याने लेखकांकडे मूळ पत्रक मागितले, आणि त्यांनी ते दिले. सरासरी काढताना वीस देशांपैकी वर्णानुक्रमाने पहिले पाच, ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत, बाहेरच राहिले होते. जगभरच्या वर्गांत ही गोष्ट पत्रक तपासावे म्हणून सांगितली जाते. स्टाफरूममध्ये तिचे तात्पर्य वेगळे निघते: “बगा सर, म्हणून देऊ नाई.”

संशोधकाने जमवलेली विदा शेवटी राहते कुठे, याचे उत्तर विद्यापीठाच्या कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही, कारण ती डीटीपी सेंटरवर राहते. प्रबंध टाईप करून देणारा, तक्ते आखणारा, ‘टी टेस्ट लावून देणारा’ आणि बांधणी करून पाच प्रती हातात ठेवणारा माणूस एकच असतो. त्याच्या संगणकात पंधरा-वीस वर्षांचे प्रबंध, त्यांची पत्रके आणि एका विषयाचे आकडे दुसऱ्या विषयाच्या फोल्डरात असा ऐवज असतो. मराठवाड्यातले सर्वांत संपन्न संशोधन भांडार हेच. त्याला कुलूप नसते, सूची नसते आणि चालकाला आपण ग्रंथपाल आहोत याची कल्पना नसते. विंडोज सुरू होईना म्हणून त्याने एके दिवशी ‘फॉरमॅट मारला’ की आठ-दहा वर्षांचे ज्ञान एका दुपारी नाहीसे होते, आणि चहाच्या टपरीपलीकडे त्याचा बोभाटा होत नाही.

भरलेल्या कागदी प्रश्नावल्यांची वाट निराळी. त्या आधी कपाटावर जातात, मग माळ्यावर, मग रद्दीत. त्यांतल्या काही भज्यांच्या गाड्यावर पोचतात आणि प्रश्न क्रमांक चौदाच्या उत्तरावर तेलाचा डाग पडतो. विदा सर्वांना खुली असावी या तत्त्वाचे हे तालुक्यातले सर्वांत यशस्वी उदाहरण. अडचण एवढीच की कागदावर उत्तर देणाऱ्याचे नाव, जात, उत्पन्न आणि मोबाइल क्रमांकही असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. गाड्यावर अजून आलेला नाही.

प्रबंध मात्र जपला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे भांडार त्यातून भरत गेले. हे काम खरोखर मोठे आहे. त्यापूर्वी आपल्याच विषयावर शेजारच्या जिल्ह्यात कोणी काम केले आहे का, हे कळायला छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, ग्रंथालयात जाऊन धूळ खावी लागे; नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला वेगळे झाले, त्याआधी तर दुसरा मार्गच नव्हता. आता मुखेडात बसून देशभरचे प्रबंध वाचता येतात. एक गोष्ट तेवढी जाणवते. परिशिष्टात प्रश्नावली असते, पण कोरी. तीनशे चौऱ्याऐंशी माणसांनी दिलेली उत्तरे नसतात. लग्नाच्या अल्बममध्ये मांडवाचे, आचाऱ्याचे आणि बँडवाल्याचे फोटो असावेत आणि नवरा-नवरीचा एकही नसावा, तसे हे आहे.

वाङ्मयचौर्याचा बंदोबस्त २०१८ च्या नियमांनी केला. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, पुढे पायरीपायरीने शिक्षा. हे साम्य शब्दांचे मोजले जाते. तक्त्यातले आकडे कंधारचे आहेत, मुखेडचे आहेत की मध्यरात्री सुचलेले आहेत, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. वाक्य उचलले तर पकडले जाते. आकडा उचलला तर ‘पूर्वसंशोधनाशी सुसंगत’ ठरतो.

आता देवाणघेवाणीकडे वळता येईल. एका प्राध्यापकाने दुसऱ्याकडे विदा मागणे ही गोष्ट दुर्मीळ असली तरी घडते. मराठवाड्यात नकार देण्याची पद्धत नाही. त्यामुळे संवाद पुढीलप्रमाणे होतो. “काय करायलाव सर? तेवढा तुमचा महिला बचत गटांचा डाटा टाका की.” “टाकतो की सर, त्यात काय एवढं!” इथे विषय संपतो. महिन्याने आठवण केली की पेन ड्राइव्ह घरी असतो. पुढच्या महिन्यात पेन ड्राइव्ह सापडतो, पण मुलाने त्यावर गाणी भरलेली असतात. तिसऱ्या खेपेला चहा होतो, लेकीच्या लग्नाचे निघते, डाटाचे निघत नाही. दोघांची मैत्री मात्र पूर्वीपेक्षा घट्ट झालेली असते, आणि हा फायदा कोणत्याही धोरणात नोंदलेला नाही.

‘टाकतो की’ ही जागतिक संस्था आहे. २०२२ साली क्रोएशियातल्या काही संशोधकांनी, ‘मागितल्यास विदा देऊ’ असे छापून दिलेल्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच पत्रे पाठवली. ९३ टक्क्यांनी उत्तर दिले नाही किंवा नकार दिला. २०१४ च्या एका अभ्यासात असेही दिसले, की निबंध जुना होत जाईल तसतशी त्याची विदा सापडण्याची शक्यता वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घटत जाते. सोयाबीनसुद्धा कोठारात इतके घटत नाही. दुसऱ्याची विदा वापरणाऱ्यांना २०१६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात चक्क ‘संशोधनातील बांडगुळे’ म्हटले गेले. त्यावर संतापण्याऐवजी काही शास्त्रज्ञांनी त्याच नावाचा पुरस्कार सुरू केला. दुसऱ्याच्या आकड्यांतून नवे काही शोधणाऱ्याला तो मिळतो. आपल्याकडे बांडगुळे पुरेशी आहेत, पुरस्कार तेवढा नाही.

विदा न देण्यामागे चोरीची भीती असते, असे सांगितले जाते. भीती असते, पण थोडी. जास्त असतो तो संकोच. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावे लागते, आणि हे घर कधी आवरलेलेच नसते. ‘प्र२अ’ म्हणजे काय, बाऱ्हाळी चार का, एका बाईचे वय ३८४ कसे, या प्रश्नांपेक्षा पेन ड्राइव्ह हरवलेला बरा. विदा लपवणारा प्राध्यापक कंजूष असतो असे समजणे अन्यायाचे आहे. तो एरवी पुरणपोळी वाढताना हात आखडत नाही.

शिवाय तो विदा देत नाही, हेही पूर्ण खरे नाही. तो रात्रंदिवस देत असतो, फक्त वर. बेंगळुरूची राष्ट्रीय मूल्यांकन परिषद म्हणजे नॅक, अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, राष्ट्रीय क्रमवारी, सहसंचालक कार्यालय, विद्यापीठाचा गुगल फॉर्म, त्याच माहितीचा पुन्हा वेगळ्या नमुन्यातला गुगल फॉर्म. प्रत्येकाला पाच वर्षांचे आकडे हवे असतात आणि ते ‘आज सायंकाळी पाचपर्यंत’ हवे असतात. नॅकची तपासणी जवळ आली की वृक्षारोपणाचा फोटोही अक्षांश-रेखांशासह लागतो. पृथ्वीच्या पाठीवर ते झाड नेमके कुठे लावले हे बेंगळुरूला कळते; ते जगले का, हे शिपायाला. आणि ‘डीव्हीव्ही आलंय’ हे दोन शब्द व्हॉट्सॲप गटावर पडले, म्हणजे पाठवलेल्या आकड्यांचे पुरावे मागवले गेले, की एरवी सहा महिने न सापडणारी फाईल अर्ध्या तासात सापडते, स्कॅन होते, सही-शिक्क्यासह जाते. क्षमता आहे, याचा हा पुरावा. लेंडी नदीचे पाणी उतार धरून मांजरेला जाते. मुखेडचा डाटा चढ चढून नांदेड, पुणे, बेंगळुरू, दिल्ली असा जातो. शेजारच्या खोलीत तो जात नाही, कारण तिकडून परिपत्रक येत नाही.

मराठी मुलुखात हा आजार नवा नाही. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले तेव्हा लोकांकडे कागदांचे रुमाल होते, आणि ते दाखवायला बरेच जण राजी नव्हते; कागद बाहेर गेला तर वतनाचे, इनामाचे काय होईल, ही धास्ती. राजवाड्यांचा विशेष हा, की मिळालेला कागद त्यांनी छापून मोकळा केला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, पुढे बावीस झाले. निष्कर्ष पटो न पटो, ज्यावरून काढला ते पुराव्यासह समोर. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० साली झालेली स्थापनाही त्याच खटपटीतली. पेशवे दप्तर तर सरकारी कुलपात होते, गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले, तेव्हा ते सर्वांचे झाले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक काढले, ते कोष्टकांसह. आज तिथे उंच इमारती आहेत आणि आयटीवाले राहतात, पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शेताचे किती तुकडे झाले होते हे अजून तपासता येते. मुखेड तालुक्यातल्या एखाद्या गावाची पाच वर्षांपूर्वी झालेली पाहणी तपासता येईलच असे नाही.

जुनी नोंद म्हणजे काय चीज असते, हे मराठवाड्याला २०२३ मध्ये घरोघर कळले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातले दस्त बाहेर निघू लागले. उर्दू वाचणारे, मोडी वाचणारे यांचा शोध सुरू झाला. ज्या म्हाताऱ्यांच्या मोडीला नातवंडे हसत होती त्यांना गाडी पाठवून नेण्यात येऊ लागले. कोणा अनामिक कारकुनाने नाव, बाप, गाव, जात असे रकाने पाडून, वळणदार अक्षरात लिहून ठेवले म्हणून हे शक्य झाले. त्याच्याकडे एक्सेल नव्हते.

तालुक्याच्या गावात राहून नीट विदा ठेवता येत नाही, ही सबबही टिकत नाही. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या उपचारांवरचा निबंध २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त प्रसिद्ध केला. साप ज्या घाईत माणूस दवाखान्यात आणायला लावतो त्या घाईत नोंद ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना प्रश्नावलीवाल्याने करून पाहावी. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून टिपणे केली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ला पोचली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तर नोंदीचे काम गावातल्या बायकांच्या हाती दिले. एकोणचाळीस गावांत नवजात बाळांचा जन्म, वजन, आजार, मृत्यू या थोडे शिकलेल्या बायकांनी टिपले, पर्यवेक्षकांनी ते पडताळले, आणि १९९९ साली त्यावरचा निबंध जगाने वाचला. सरकारी नोंदींत दिसतात त्यापेक्षा बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत, हे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवले तेही असेच घरोघर मोजून. यांतल्या एकाही बाईने ‘मदलं लिवा’ म्हटले नाही.

धोरणांची तक्रार करण्यास जागा नाही, ती आहेत. राष्ट्रीय विदा सहभाजन व सुलभता धोरण २०१२ चे, जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचे मुक्त प्रवेश धोरण २०१४ चे. विदा सापडावी, मिळावी, दुसऱ्या विदेशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, ही चार तत्त्वे २०१६ पासून जगभर मान्य आहेत आणि कार्यशाळेत त्यांची स्लाइड हमखास असते. कार्यशाळेला शंभर जण येतात, प्रमाणपत्र मिळते, त्याचे गुण मिळतात. कार्यशाळेनंतर भरून घेतलेल्या अभिप्राय प्रपत्रांचा गठ्ठा कुठे गेला हे विचारू नये.

विदेचा प्रवास निवृत्तीच्या दिवशी पुरा होतो. शाल, श्रीफळ, भाषणे, फोटो. सरांच्या विभागातले कपाट दुसऱ्या दिवशी नव्या माणसाच्या ताब्यात द्यायचे असते. कपाटावर पांढऱ्या ऑईल पेंटने ‘१७’ असा आकडा घातलेला असतो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख, पुरवठादार, किंमत आणि पान क्रमांक यांसह त्याची नोंद असते. आत वरच्या कप्प्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे असतात: भरलेल्या प्रश्नावल्या, ३८४. या गठ्ठ्यांची नोंद कोठेही नसते. गंजलेले कपाट टाकून द्यायचे तर निर्लेखन समिती बसवावी लागते, तीन सह्या लागतात आणि लिलावाची नोटीस फळ्यावर चिकटवावी लागते. आतले गठ्ठे टाकायला कोणाचीही सही लागत नाही.